मुख्याध्यापकांना वर्गात मागं बसायला वेळ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांना वजाबाकी येत नाही अशी बातमी होती, आणि ती बातमी आमच्या गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्याखाली नेहमीचंच सगळं लिहिलेलं होतं, की गुरुजींना पगार एवढा आणि काम काय करतात वगैरे. बातमी खोटी नाही. 'प्रथम' संस्था गावोगावच्या मुलांची पाहणी करून काढते त्या २०२४ च्या असर अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या साधारण तीनातल्या एकाच मुलाला वजाबाकी करता आली असं आहे. मी २००३ पासून सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे आणि गेली तीन वर्षं माझ्याकडं मुख्याध्यापकाचा चार्ज आहे, म्हणून हे पत्र लिहितेय. शिक्षक चांगला शिकवतो का वाईट यावर सगळे बोलतात पण त्याला चांगलं शिकवायला शिकवतं कोण, ते बघायला त्याच्या वर्गात जातं कोण, यावर कुणी एक ओळ लिहीत नाही.

मी लागले तेव्हा शिक्षण सेवक होते, महिना ३००० रुपये मानधन. पहिलीच शाळा मोठी मिळाली, सातवीपर्यंत वर्ग आणि दोनशेच्या वर पट, त्यामुळं तिथं पूर्णवेळ मुख्याध्यापक होते. वय झालेलं, रिटायरमेंटला पाच-सहा वर्षं राहिलेली. मला तिसरीचा वर्ग दिला, ३८ पोरं. जूनमध्ये लागले आणि ऑगस्टमध्ये एक दिवस सर काही न बोलता माझ्या वर्गात आले आणि शेवटच्या बसकरपट्टीवर पोरांच्यात मांडी घालून बसले. माझे हातपाय गार पडले. त्यांच्या हातात एक वही होती, सारखं काहीतरी लिहीत होते, तास संपल्यावर उठून गेले. मधल्या सुट्टीत बोलावलं, मी टाचण वही घेऊनच गेले कारण मला वाटलं आता तीच तपासणार. त्यांनी स्वतःची वही माझ्यापुढं ठेवली. पानावर माझ्या वर्गाचा नकाशा काढलेला, पोरं जशी बसली होती तशी एकेक चौकोन, आणि मी ज्या पोराला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक टिंब. मी मोजलं तर टिंबं असलेले चौकोन अकरा. दोघातिघांच्या चौकोनात चार-चार टिंबं. आणि भिंतीकडची अख्खी रांग कोरी. सर एवढंच म्हणाले, "बाई, ही रांग आज शाळेत आली होती का?"

त्यांनी आवाज चढवला नाही, कुठं शेरा मारला नाही. पण त्या दिवसापासून आजपर्यंत मी वर्गात गेले की आधी भिंतीकडं बघते.

दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी पोरांच्या वह्या मागून घेतल्या. ४०२ वजा १३७ असं गणित मी घातलं होतं. सहा पोरांनी उत्तर लिहिलेलं ३३५ आणि मी सहाही वह्यांत लाल फुल्या मारून पुढं गेलेले. सरांनी त्या सहा वह्या एकाखाली एक लावल्या. म्हणाले सहाजणांची सहा चुकीची उत्तरं असती तर पोरांचं लक्ष नाही म्हणलं असतं, पण सहाजणांचं एकच चुकीचं उत्तर आहे म्हणजे ही पोरं कायतरी नियम पाळतायत. आणि खरंच, त्या पोरांनी प्रत्येक घरात मोठ्यातनं लहान वजा केलं होतं, सातातनं दोन, तिनातनं शून्य, चारातनं एक. त्यांच्या डोक्यात वजाबाकी म्हणजे मोठ्यातनं लहान, वर कोण आणि खाली कोण याला अर्थच नव्हता, आणि हातचा घ्यायचा म्हणून मी फळ्यावर जे खोडून वर बारीक लिहीत होते ते त्यांना नुसतं चित्र वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो पाठ स्वतः घेतला, मला मागं बसवलं. काड्यांचे गठ्ठे, शंभराचे चार आणि सुट्ट्या दोन. सात काड्या द्या म्हणल्यावर पोरं अडकली, दोनच आहेत की. दशकाचा गठ्ठा सोडा म्हणावं तर दशकाचा गठ्ठाच नाही. मग एका पोरीनं शंभराचा गठ्ठा सोडला, त्याचे दहाचे दहा गठ्ठे झाले, त्यातला एक पुन्हा सोडला, आणि आता तीन शतक, नऊ दशक, बारा सुट्ट्या असं जमिनीवर मांडलेलं सगळ्यांना दिसत होतं. त्यातनं १३७ काढून २६५ उरले तेव्हा ती सहातली चार पोरं स्वतःहून आपलं जुनं उत्तर खोडायला लागली. डीएडला गठ्ठे वापरायचे हे मी शिकलेच होते, पेपरात लिहून मार्क पण मिळवले होते, पण कुठल्या क्षणी पोरगं अडकतं आणि तिथं शिक्षकानं गप्प बसायचं असतं हे मी त्या दिवशी मागं बसून बघितलं.

पुढं मी मुक्त विद्यापीठातनं शालेय व्यवस्थापनाची पदविका केली आणि वाचायची सवय लागली, तेव्हा कळलं की आमचे सर जे करत होते त्याला जगात नाव आहे, अध्यापनविषयक नेतृत्व म्हणतात. १९७९ मध्ये अमेरिकेत रॉन एडमंड्स यांनी गरीब वस्तीतल्या पण चांगल्या चालणाऱ्या शाळांबद्दल लिहिलं, त्यात मुख्याध्यापक शिकवण्याकडं लक्ष देणारा असणं ही गोष्ट होतीच. मग ऐंशीच्या दशकात फिलिप हॅलिंजर यांनी ते मोजायची प्रश्नावली केली, आणि त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे मुख्याध्यापक कसा आहे हे त्याच्या हाताखालच्या शिक्षकांना पण विचारतात. २००८ मध्ये न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर मुलांच्या शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम त्या मुख्याध्यापकांचा दिसला जे शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः भाग घेतात, नुसते ट्रेनिंगला पाठवून मोकळे होत नाहीत तर सोबत बसून शिकतात. हे वाचलं तेव्हा मला ते बसकरपट्टीवर मांडी घालून बसलेले सरच आठवले.

आता माझ्या शाळेचं सांगते. पहिली ते पाचवी, पट १०४, शिक्षक चार. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला दीडशेच्या वर पट असला तरच वेगळा मुख्याध्यापक, सहावी ते आठवीला शंभराच्या वर. म्हणजे माझ्या शाळेला मुख्याध्यापकाचं पदच नाही, सेवाज्येष्ठ म्हणून चार्ज माझ्याकडं, आणि शिवाय दुसरीचा वर्ग माझा तो माझाच. राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळाच पंधरा हजाराच्या आसपास आहेत, तिथं तर दोन शिक्षक, त्यातला एक चार्जवाला. महाराष्ट्रातल्या हजारो शाळांत मुख्याध्यापक म्हणजे एक शिक्षकच असतो ज्याच्या गळ्यात किल्ल्यांचा जुडगा आणि पासवर्डची वही अडकवलेली असते.

त्याचा दिवस कसा जातो ते बघा. सकाळी हजेरी ऑनलाइन. मग किती पोरं जेवणार ते एमडीएमला, म्हणजे पोषण आहाराच्या पोर्टलला भरायचं, तांदूळ-डाळ-तेलाचा हिशेब, स्वयंपाकी ताईंचं मानधन आलं नाही म्हणून त्या दारात. शालार्थला पगारबिल. यू-डायस या सरकारी पोर्टलला सगळ्या पोरांची माहिती, अपार आयडी म्हणजे पोरांच्या ओळख क्रमांकासाठी पुन्हा तीच पोरं, आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरचं नाव जुळत नाही म्हणून आईबापांना फोन, बाप ऊसतोडीला गेलेला. मग कुठलं तरी अभियान, त्याचे फोटो लिंकवर टाका. ग्रुपवर मेसेज येतो "अतितात्काळ, आज दुपारी तीनपर्यंत", आणि तो मेसेज आलेला असतो दीड वाजता. आमच्याकडं क्लार्क नाही, शिपाई नाही. वर निवडणुकीचं बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. आरटीई कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय, पण पोर्टलवर माहिती भरणं याला कुणी अशैक्षणिक मानायलाच तयार नाही. शिक्षक रस्त्यावर उतरून "आम्हाला शिकवू द्या" म्हणाले तेव्हा लोक हसले. त्यात मी अजून एक जोडते, आम्हाला दुसऱ्याचं शिकवणं बघू पण द्या.

आणि इथं मला एक कबुली द्यायचीय. २०२४ मध्ये शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधनं आमच्याकडं एक नवीन सर आले, वय २६-२७, हुशार, मुलांत रमणारे. चौथी-पाचवी त्यांच्याकडं दिली. मुख्याध्यापकाच्या लॉगबुकात दर महिन्याला पाठ निरीक्षण लिहायचं असतं, मी लिहीत होते. "विषय गणित, अध्यापन समाधानकारक, शैक्षणिक साहित्याचा वापर करावा." सहा महिने असं लिहिलं आणि त्या सहा महिन्यांत मी त्यांच्या वर्गात एकदाही पूर्ण तास बसले नव्हते. दारातनं बघायचं, सही करायची. मला ज्या माणसानं घडवलं त्यानं माझ्यासाठी जे केलं ते मी या पोरासाठी केलं नाही, आणि कागदावर केलं म्हणून लिहिलं.

एकदा कसल्याशा फॉर्मवर त्यांची सही हवी म्हणून मी पाचवीच्या वर्गात गेले. फळ्यावर ६२४ भागिले ६. सर कोपऱ्यात एका पोराला समजावत होते तोवर मी सहज दोन-चार वह्या बघितल्या. बहुतेकांचं उत्तर १४. सहा एके सहा, मग दोनाला सहाचा भाग जात नाही म्हणून पोरं सरळ चार खाली घेऊन चोवीस करतात, सहा चोक चोवीस, चार लिहितात, मधला शून्य कुणी लिहीतच नाही. सहाशे चोवीस रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला चौदा कसे येतील हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही कारण ते रुपये नाहीतच, ते नुसते आकडे आहेत. मी तिथंच उभी राहिले. सही राहिली बाजूला.

शाळा सुटल्यावर त्यांना म्हणलं की सर, हा शून्य किती दिवसांपासून अडतोय. तर ते म्हणाले, "मॅडम, दिवाळीच्या आधीपासून. विचारू विचारू म्हणत होतो पण तुम्ही सारख्या लॅपटॉपवर असता, म्हणलं कशाला त्रास द्यायचा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन महिने एक शिक्षक अडलाय, त्याला माहितीय आपण अडलोय, तीस फुटांवर बावीस वर्षं गणित शिकवलेली बाई बसलीय, आणि दोघांच्या मधे एक लॅपटॉप. शिक्षकांची गुणवत्ता म्हणून जे काही मोजतात, ते अशा ठिकाणी घसरतं. त्या पोराला कुठलं मोठं ट्रेनिंग नको होतं, त्याला वीस मिनिटं पाहिजे होती. खेळण्यातल्या नोटा घेऊन आम्ही दोघांनी मिळून तो पाठ घेतला, शंभराच्या सहा नोटा वाटल्या, मग दहाच्या दोन सहा जणांत वाटता येईनात, म्हणजे दहाच्या घरात प्रत्येकाला शून्य, म्हणून तो शून्य लिहायचा, मग त्या दोन नोटा मोडून सुट्टे केले. सगळ्या पोरांना जमलं असं म्हणणार नाही, पण निम्म्यावर पोरांच्या वहीत १०४ आलं आणि बाकीच्यांना निदान १४ बघून खटकायला लागलं.

तेव्हापासून मी ठरवलंय, गुरुवारी दुसरा तास माझा नाही. माझी दुसरी पहिलीच्या बाईंकडं बसवते आणि मी कुणाच्या तरी वर्गात मागं बसते. आणि सोमवारी ते नवीन सर माझ्या वर्गात बसतात. पहिल्याच सोमवारी त्यांनी मला सांगितलं की मॅडम तुम्ही प्रश्न विचारता आणि तीन सेकंदात उत्तर पण तुम्हीच देता. बावीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

हे नुसतं पोर्टलमुळं होतंय असं म्हणून मी हात झटकणार नाही. माझी जाऊ एका अनुदानित हायस्कूलला आहे, तिथं क्लार्क आहे, पर्यवेक्षक आहेत, शिपाई आहेत, तरी मुख्याध्यापक वर्षातनं दोनदाच वर्गात येतात आणि ते पण गोपनीय अहवाल लिहायच्या आधी. मग शिक्षक त्या दिवशी तक्ते लावतात, हुशार पोरांना पुढं बसवतात, आदल्या दिवशी पाठ घोकून घेतात, आणि जो खरा तास आहे तो मुख्याध्यापकांना दिसतच नाही. काही ठिकाणी तर हे निरीक्षण हत्यारासारखं वापरतात, ज्याच्याशी पटत नाही त्याच्या वर्गात वारंवार जायचं, शेरे मारायचे. म्हणून शिक्षकांना कुणी मागं येऊन बसलं की अंगावर काटा येतो, आणि संघटना विरोध करतात त्यात त्यांची चूक नाही. आमच्या सरांनी टिंबांचं ते पान मला फाडून दिलं होतं, स्वतःकडं ठेवलं नाही. अजून माझ्याकडं आहे. ते पान माझ्या सर्व्हिस बुकात किंवा अहवालात जाणार असतं तर मी त्यांच्यापुढं रडून माझं काय चुकतंय हे कधीच विचारलं नसतं.

मग निवडीचं. मुख्याध्यापक होतो सेवाज्येष्ठतेनं. १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पदोन्नतीला टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पण लागणार, त्यावरनं सध्या आमच्यात फार गोंधळ चाललाय. पण टीईटी पास झालेला माणूस दुसऱ्याच्या वर्गात बसून काय बघायचं आणि नंतर त्याला न दुखवता काय सांगायचं हे जाणतो असं काही नाही. ते शिकावं लागतं. मला चार्ज दिला तेव्हा आर्थिक अभिलेख कसे ठेवायचे, कॅशबुक, खर्चाची प्रमाणपत्रं हे सांगितलं, पाठ कसा बघावा हे कुणी सांगितलं नाही. आपल्याकडं संभाजीनगरला मिपा आहे, दिल्लीला नीपा आहे, या शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या सरकारी संस्था, तिथं शाळा नेतृत्वाचं काम चालतं, चांगलं साहित्य आहे. पण दोन शिक्षकी वस्तीशाळेतल्या चार्जवाल्यापर्यंत ते पोचतं तेव्हा एक लिंक होऊन पोचतं, व्हिडिओ बघा आणि सर्टिफिकेट डाउनलोड करा.

केंद्रप्रमुख ही खरं तर यासाठीच केलेली जागा होती, फिरून फिरून शाळा बघणारा, अडलेल्याला हात देणारा. आसपासच्या शाळांचा गट म्हणजे एक केंद्र, अशी राज्यात ४८६० केंद्रं आहेत. २०२३ मध्ये २३८४ जागांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली आणि ती परीक्षा किती वेळा पुढं ढकलली ते सगळ्यांना माहितीय. एकेका माणसाकडं दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा चार्ज, मग तो पण आमच्यासारखाच माहिती गोळा करणारा पोस्टमन होऊन बसतो. केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद महिन्याला होते पण तिच्यातला निम्मा वेळ राहिलेल्या माहितीची आठवण करण्यात जातो.

तुमच्या पेपरमार्फत शिक्षण विभागाला माझं म्हणणं पोचवा. दर केंद्राला एक डेटा एन्ट्री करणारा माणूस द्या, शाळेला नाही परवडत तर केंद्राला द्या. एकदा यू-डायसला भरलेली माहिती पुन्हा दुसऱ्या लिंकवर मागू नका, तुमचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतील असं करा. पटाची अट थोडी खाली आणून मुख्याध्यापकाचं पद द्या, आणि ते जमत नसेल तर चार्जवाल्याच्या आठवड्यातले निदान दोन तास कागदोपत्री मोकळे करा, त्या दोन तासांत कुठला फोन नको, कुठली माहिती नको. आणि पाठ निरीक्षणाची वही गोपनीय अहवालापासून कायमची वेगळी करा, ती दोन शिक्षकांच्या मधली गोष्ट राहू द्या. अधिकारी शाळेत येतील तेव्हा त्यांनी रंगरंगोटी आणि फाइली बघायच्या आधी शिक्षकाला विचारावं की तुझे मुख्याध्यापक शेवटचं तुझ्या वर्गात कधी बसले आणि त्यातनं तुला काय मिळालं. मला विचारतील तर माझ्या लॉगबुकातली ती सहा पानं मी स्वतः दाखवीन.

उद्या गुरुवार आहे. तिसरीत वजाबाकी चालू झालीय. मी दुसऱ्या तासाला तिथं भिंतीकडच्या रांगेत बसणारे, फोन ऑफिसच्या कपाटात ठेवून. कुठली माहिती तातडीनं पाहिजे असेल तर ती साडेबारानंतर मिळेल.

आपली,
एक प्रभारी मुख्याध्यापिका,
जि. प. प्राथमिक शाळा, सोलापूर जिल्हा
(नाव छापू नये ही विनंती)